काळ्या कातळात जीवाश्म का सापडत नाहीत?

चाकण, मोशी, भोसरी किंवा तळवडे, कोठेही नव्या कारखान्याचा अथवा गृहसंकुलाचा पाया खणला तरी जमिनीचा क्रम साधारणपणे तोच असतो. वर हात-दोन हात माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा कातळ. हा कातळ फोडताना यंत्रांचाही कस लागतो. फुटलेल्या दगडात कधी पांढऱ्याशुभ्र स्फटिकांनी भरलेली पोकळी निघते, तर कधी एखाद्या सपाट पृष्ठावर नेच्याच्या पानासारखी काळी, नाजूक नक्षी उमटलेली दिसते. अशी नक्षी दिसली की कामावरची माणसे क्षणभर थांबतात. कोणी तिचे छायाचित्र काढतो, आणि ‘दगडात लाखो वर्षांपूर्वीचे पान सापडले’ ही वार्ता संध्याकाळपर्यंत भ्रमणध्वनीवरून गावभर होते.

ते पान नसते. मँगेनीजची संयुगे विरघळलेले पाणी खडकाच्या केसाएवढ्या भेगेत झिरपते. पाणी आटत जाते आणि मागे राहिलेले काळे खनिज फांदीला फांदी फुटावी तसे पसरत जाते. शास्त्रज्ञ या नक्षीला डेंड्राइट म्हणतात. खरे पान आणि ही नक्षी यांतील भेद ओळखणे फारसे अवघड नाही. पानाला मधली शीर असते, तिच्यापासून ठरावीक कोनात उपशिरा निघतात आणि पानाची कड एका रेषेत संपते. डेंड्राइटला अशी शिस्त नसते. ते भेगेच्या काठापासून सुरू होते आणि जागा मिळेल तिकडे फाटे फोडत जाते. पांढऱ्या स्फटिकांचाही जीवसृष्टीशी संबंध नाही. ते झिओलाइट वर्गातील खनिजांचे असतात आणि लोकभाषेत त्यांना सरसकट गारगोटी म्हटले जाते. नाशिक रस्त्याने सिन्नरला जाणाऱ्यांनी तेथील ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय पाहिले असेल. वाघोलीच्या दगडखाणीतील निळेशार कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांच्या परिचयाचे आहे. सौंदर्यात ही खनिजे कोणत्याही जीवाश्माला हार जाणार नाहीत. पण ती कधी जिवंत नव्हती.

मग पिंपरी-चिंचवडच्या भूमीत जीवाश्म नाहीतच काय? या काळ्या कातळात ते जवळजवळ नाहीत, असेच उत्तर द्यावे लागते. त्यामागचे कारण समजून घ्यायचे, तर जीवाश्म कसा तयार होतो येथपासून आरंभ केला पाहिजे.

प्राचीन काळातील प्राण्याचा किंवा वनस्पतीचा, खडकात अथवा गाळात टिकून राहिलेला अवशेष किंवा खूण म्हणजे जीवाश्म. प्राचीन म्हणजे किती, तर साधारणपणे दहा हजार वर्षांपेक्षा जुना, असा संकेत आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांहून अधिक जुनी घरे, जनावरांची हाडे आणि जळून कोळसा झालेले धान्य मिळाले. ते अवशेष पुरातत्त्वाचे. त्यांना जीवाश्म म्हणण्याचा प्रघात नाही. उलट एखाद्या प्राण्याचे पाऊल चिखलात उमटले आणि तो चिखल पुढे दगड झाला, तर ते पाऊल जीवाश्मच ठरते. किड्याने पोखरलेले बीळ, अंड्याचे कवच, इतकेच काय, प्राण्याची विष्ठादेखील जीवाश्म होऊ शकते. या विष्ठेचे प्रकरण पुढे येणार आहे. वाचकांनी नाक मुरडू नये, कारण महाराष्ट्रातील एक मोठा शोध तिनेच लावून दिला आहे.

प्राणी मेला की त्याचे काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. गिधाडे, कोल्हे, मुंग्या, बुरशी आणि जिवाणू मिळून काही आठवड्यांत मऊ भाग संपवतात. हाडे ऊन-पावसात तडकतात आणि काही वर्षांत मातीला मिळतात. निसर्गाचा सर्वसाधारण नियम हाच आहे आणि तो नसता तर पृथ्वीवर पाय ठेवायला जागा उरली नसती. जीवाश्म हा या नियमाचा अपवाद. तो घडण्यासाठी मृत देह लवकर गाडला जावा लागतो. नदीचा पूर, तळ्याचा तळ, समुद्राचा गाळ, ज्वालामुखीची राख यांपैकी काहीतरी त्याच्यावर वेळेत पडावे लागते. गाळाखाली प्राणवायू कमी असतो, त्यामुळे कुजण्याची क्रिया मंदावते. त्यातही टिकतात ते कठीण भाग, म्हणजे हाडे, दात, शिंपले, लाकूड, बिया. गोगलगाईचे कवच उरते, गोगलगाय नाही.

यानंतरचे काम पाणी करते. हाड बाहेरून भरीव दिसले तरी आतून ते बारीक छिद्रांनी भरलेले असते. लाकडातही पाणी वाहून नेणाऱ्या असंख्य नलिका असतात. भूजलात विरघळलेली सिलिका, चुना किंवा लोह या छिद्रांत झिरपते आणि तेथेच घट्ट होते. काही वेळा मूळ पदार्थही हळूहळू विरघळून जातो आणि कणाकणाने त्याची जागा खनिज घेते. अखेरीस हाताला लागतो तो दगडच. मात्र त्याचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर लाकडाच्या पेशी जशाच्या तशा मोजता येतात. काही लाकडांत वाढीची वर्तुळेही स्पष्ट दिसतात.

दुसरी रीत भोसरीच्या फाउंड्रीत काम केलेल्यांना सांगावी लागणार नाही. तेथे लाकडाचा पॅटर्न वाळूत दाबून साचा करतात, पॅटर्न काढून घेतात आणि पोकळीत वितळलेला धातू ओततात. निसर्गात पॅटर्नचे काम शिंपला करतो. गाळ त्याच्याभोवती घट्ट होतो, पुढे आम्लयुक्त पाण्याने शिंपला विरघळून जातो आणि खडकात त्याच्या आकाराची पोकळी उरते. हा झाला साचा. त्या पोकळीत दुसरे खनिज येऊन बसले की शिंपल्याची हुबेहूब प्रतिकृती तयार होते. शिंपल्याच्या आत शिरलेला गाळ कडक झाला तर आतल्या बाजूचा ठसा मिळतो. फाउंड्रीतला ‘कोअर’ तो हाच. वारकरी संप्रदायातील घरांच्या देवघरांत दिसणारा गंडकी नदीचा शाळिग्राम पुष्कळदा याच जातीचा असतो. त्यावरील चक्र हे अमोनाइट नावाच्या, आता नामशेष झालेल्या सागरी प्राण्याच्या शंखाचे असते. हिमालयाच्या जागी एके काळी समुद्र होता, याचा तो पुरावा आहे.

पानांच्या बाबतीत आणखी एक प्रकार घडतो. गाळाच्या दाबाखाली पानातील बाकी सर्व निघून जाते आणि कार्बनचा पातळ काळा थर तेवढा राहतो. नागपूरजवळच्या कामठी परिसरातील खडकांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वृक्षाची जिभेच्या आकाराची पाने सापडतात. ती पंचवीस कोटी वर्षांहून जुनी आहेत. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सहकारी मृत्युमुखी पडले. त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. अन्न संपत आले, थंडीने हातपाय निकामी झाले, तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसचे ठसे होते. कामठीच्या आणि अंटार्क्टिकाच्या दगडात एकच झाड, याचा अर्थ हे दोन्ही भूभाग एके काळी एकाच महाखंडाचे भाग होते.

आता पिंपरी-चिंचवडच्या कातळाकडे वळू. हा कातळ बेसाल्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. उंच शंकूसारख्या एका पर्वतातून झालेला हा स्फोट नव्हता. भेगांतून पसरत जाणारे ते पूर होते, एकावर एक, पुन्हा पुन्हा. आजही या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. कार्ले, भाजे आणि देहूरोडजवळचे घोरावडेश्वर येथील लेणी याच खडकात कोरलेली आहेत. लाव्हाचे तापमान अकराशे अंश सेल्सिअसच्या घरात असते. त्याच्या मार्गात आलेली पाने, किडे, प्राणी यांची राखही ओळखू येण्याजोगी उरत नाही. क्वचित एखाद्या वृक्षाभोवती लाव्हा थिजतो आणि खोडाच्या आकाराची पोकळी राहते. हवाई बेटांवर असे साचे दिसतात. पण नियम म्हणून पाहिले तर आगीतून जन्मलेल्या खडकात जीवाश्म शोधणे म्हणजे भट्टीत कापूस शोधण्यासारखे आहे.

तथापि हे पूर अखंड वाहत नव्हते. दोन पुरांच्या मध्ये हजारो वर्षांची शांतता असे. त्या काळात खडक झिजून माती होई, पाऊस पडे, तळी साचत, झाडे उगवत. मग पुढचा लाव्हा येऊन हे सारे झाकून टाके. मुंबईकडे जाताना घाटात डोंगर कापलेल्या ठिकाणी काळ्या कातळांच्या मध्ये गेरूसारखा लाल पट्टा आडवा गेलेला दिसतो. तो या शांततेच्या काळाची खूण आहे. लाव्हाच्या दोन थरांमधली ती जुनी झीज आणि माती, वरून आलेल्या लाव्हाने भाजलेली. अशा लाल मातीत जीवाश्म टिकण्याची शक्यता कमी, कारण ती उघडी, हवा लागलेली जमीन होती. शांततेच्या काळात जेथे तळे साचले आणि तळ्याच्या बुडाशी गाळ जमला, तेथे मात्र गोष्ट वेगळी झाली. तशी ठिकाणे लाव्हाच्या पठाराच्या कडेने, विशेषतः विदर्भात, पुष्कळ आहेत आणि एक मुंबईत आहे.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. ज्यांच्या नावाने ते चालते ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून आलेले मिशनरी होते आणि त्यांना खडकांचा विलक्षण नाद होता. नागपूरजवळ टाकळी येथे त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना लाव्हाच्या दोन थरांमध्ये दडलेला एक पातळ थर आढळला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख होते, बिया आणि फळे होती, कीटकांच्या पंखांचे कठीण आवरणही होते. १८५५ साली त्यांचा प्रबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंख गोड्या पाण्यातले, म्हणजे हा लाव्हा समुद्राच्या तळाशी वाहिलेला नाही, जमिनीवर वाहिलेला आहे. आणि दोन थरांच्या मध्ये एक संपूर्ण तळे नांदून जाण्याइतका काळ लोटला होता. बोटाच्या पेराएवढ्या शंखांनी केवढा मोठा निकाल दिला! हिस्लॉप यांनी आपला बराचसा संग्रह अभ्यासासाठी इंग्लंडला पाठवला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले.

मुंबईतील ठिकाण म्हणजे वरळीची टेकडी. तेथील लाव्हाच्या दोन थरांमधील काळ्या गाळात लहानग्या बेडकांचे संपूर्ण सांगाडे मोठ्या संख्येने सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे ते हेच ओवेन. आज त्या बेडकाला इंडोबॅट्राकस म्हणतात. बेडकाची हाडे काडीसारखी नाजूक. ती सांधे न निखळता टिकली, यावरूनच त्या तळ्याचा तळ किती निवांत असेल, हे कळते.

आता त्या विष्ठेकडे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील गाळाचे खडक लाव्हाच्या आगमनाच्या आसपासचे, म्हणजे डायनोसॉरच्या अखेरच्या काळातले आहेत. हिस्लॉप यांच्या काळापासून तेथे हाडे मिळत आली आहेत. हाडांबरोबर मुठीएवढे, गोलसर, मातकट दगडही मिळतात. ती अश्मीभूत विष्ठा होय, आणि ती टायटॅनोसॉर या अजस्र शाकाहारी डायनोसॉरची असावी असे मानले जाते. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या दगडांना जगभर नाव मिळवून दिले.

गवताचे पाते बोटावरून ओढले तर बोट कापते, हा अनुभव उसाच्या फडात गेलेल्या प्रत्येकाला असतो. त्याचे एक कारण म्हणजे गवत जमिनीतून सिलिका शोषते आणि तिचे काचेसारखे अतिसूक्ष्म कण आपल्या पानांत साठवते. हे कण कुजत नाहीत. जनावराच्या पोटातूनही ते शाबूत बाहेर पडतात. शिवाय त्यांचा आकार वनस्पतीच्या गटानुसार वेगळा असतो, त्यामुळे कण पाहून गट सांगता येतो. पिसदुऱ्याच्या दगडांत असे गवताचे कण निघाले, आणि तेही एका प्रकारचे नव्हेत, किमान पाच प्रकारचे. तोवरची समजूत अशी होती की डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर बऱ्याच काळाने गवते अवतरली. पुस्तकांतील डायनोसॉरच्या चित्रांत नेचे आणि सूचिपर्णी झाडे असत, गवत नसे. विदर्भातल्या या दगडांनी ती चित्रे बदलायला लावली. पुढे २०११ मध्ये याच सामग्रीतून भाताच्या कुळाशी नाते सांगणाऱ्या गवताचे कण ओळखले गेले. ताटातल्या भाताचे दूरचे पूर्वज चंद्रपुरात डायनोसॉरने चघळले होते, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

डायनोसॉरचा विषय निघालाच आहे, तर एका नावाची नोंद येथे केली पाहिजे. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीत सापडलेल्या एका टायटॅनोसॉरला १९९५ साली जैनोसॉरस हे नाव देण्यात आले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील जीवाश्मशास्त्रज्ञ सोहनलाल जैन यांच्या गौरवार्थ हे नाव आहे. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनोसॉर कसा आला, असा प्रश्न वाणिज्य शाखेच्या वाचकाला पडेल. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी आपल्या संस्थेत भूविज्ञानालाही स्थान दिले आणि लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावून घेतले, हे त्याचे उत्तर. त्यातून जी पथके प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात गेली, त्यांना सिरोंच्यापासून फार दूर नसलेल्या, आजच्या तेलंगणातील पोचमपल्ली गावाजवळ सुमारे तीनशे हाडे मोठमोठ्या अश्मीभूत ओंडक्यांसह मिळाली. प्राणी अनेक, पण सारे एकाच जागी. पुराने झाडे आणि प्रेते एकत्र आणून टाकली असावीत. उत्खननाच्या काळात रवींद्रनाथ टागोरांची जन्मशताब्दी होती आणि प्राण्याचा पाय प्रचंड होता, म्हणून नाव पडले बारापासॉरस टागोरी. बंगालीत ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय. १९७५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध करणाऱ्यांत सोहनलाल जैन होते. सांगाडा कोलकात्याच्या त्या संस्थेत उभा आहे. महाराष्ट्राच्या बाजूला, सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे वनविभागाने जीवाश्म उद्यान केले आहे.

ज्या कुटुंबांची मुळे राजस्थानात किंवा कच्छमध्ये आहेत, त्यांना जीवाश्मांसाठी विदर्भापर्यंतही जावे लागणार नाही. जैसलमेरपासून सुमारे सतरा किलोमीटरवर आकल येथे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेले आहेत. आज जेथे कोस-कोस झाड दिसत नाही, तेथे तेव्हा अरण्य होते. कच्छच्या टेकड्यांत अमोनाइट इतके मिळतात की जगभरचे अभ्यासक तेथे येतात. त्याहून जवळचे ठिकाण म्हणजे घरची फरशी. बाजारात ‘इटालियन मार्बल’ म्हणून विकले जाणारे काही दगड वस्तुतः संगमरवर नसून चुनखडक असतात, आणि त्यांच्या घोटलेल्या पृष्ठावर शिंपल्यांचे आडवे छेद दिसतात. पांढऱ्या मकराण्यात ते दिसणार नाहीत, कारण खऱ्या संगमरवरात उष्णतेने आणि दाबाने चुनखडकाचे कण नव्याने स्फटिकरूप झालेले असतात.

चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणारी बहुसंख्य वाहने जे इंधन जाळतात, त्यालाही जीवाश्म इंधन म्हणतात. पेट्रोल डायनोसॉरपासून झाले, ही समजूत मुलांत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. खनिज तेल झाले ते प्रामुख्याने समुद्रातील सूक्ष्म शैवालांपासून आणि इतर सूक्ष्मजीवांपासून. १९७४ साली शोध लागलेल्या बॉम्बे हायचे तेलही असेच. कोळसा वनस्पतींपासून झाला. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा ज्या दलदलीत घडला, तेथे ग्लॉसोप्टेरिसच वाढत होता.

पुणे जिल्ह्याच्या वाट्याला जे थोडे आले आहे, ते कातळात नसून कातळावर साचलेल्या नदीच्या जुन्या गाळात आहे. नारायणगावच्या पुढे, कुकडी नदीकाठी बोरी येथे पांढुरकी ज्वालामुखी राख गाळात थराने साचलेली आहे. १९८०च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ती प्रकाशात आणली. ही राख सह्याद्रीच्या लाव्हाची नव्हे. ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून उडून समुद्र ओलांडून आलेली आहे. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही मिळाली आहेत. गोदावरी, प्रवरा, घोड यांच्या अशाच गाळात रानबैल आणि इतर प्राण्यांच्या अश्मीभूत अस्थी सापडल्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वर येथे आजच्या हत्तीहून कितीतरी मोठ्या हत्तीची कवटी निघाली, तर मांजरा खोऱ्यात चक्क पाणघोड्याचे अवशेष मिळाले आहेत. पाणघोडा एके काळी मराठवाड्यात डुंबत होता, ही कल्पना आज टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना चमत्कारिक वाटेल.

हे गाळ आता धोक्यात आहेत. वाळूचा उपसा नदीकाठ पोखरतो, वीटभट्टीसाठी गाळाची माती नेली जाते, आणि खोदणाऱ्या यंत्राला हाड व धोंडा सारखाच. दुसरा धोका हौशी संग्राहकाचा आहे, आणि तो सद्भावनेतून येतो. वेगळा दगड दिसला की तो उचलून दिवाणखान्यातील कपाटात ठेवला जातो. परंतु जीवाश्माचे अर्धे मोल तो कोणत्या थरात, कोणत्या खोलीवर, कशाच्या शेजारी होता यात असते. टाकळीचा शंख लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये होता, म्हणून तो बोलला. तोच शंख कपाटात सापडला असता तर तो केवळ एक शंख ठरला असता. म्हणून असे काही आढळले तर ते जागेवरून न हलवता, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, ठिकाण आणि खोली टिपून ठेवावी आणि जाणकारांना कळवावे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत जीवाश्मांचा अभ्यास होतो, डेक्कन कॉलेज नदीच्या गाळातील अस्थींसाठी आहेच, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे. ते डेंड्राइटच निघाले तर तसे समजेल, आणि त्यात कमीपणा नाही.

कायद्याची बाजू अद्याप दुबळी आहे. पुरातत्त्वीय स्मारकांना जसे संरक्षण आहे, तसे जीवाश्मस्थळांसाठी असावे, या हेतूने केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरात भूवारसा स्थळांविषयीच्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध केला होता. वरळीच्या टेकडीला त्याचा उपयोग नाही. बेडकांच्या तळ्याच्या जागेवर मुंबई केव्हाच उभी राहिली आहे. पिसदुऱ्याचे मात्र तसे नाही. तेथील हाडे आणि ते मुठीएवढे मातकट दगड आजही शेतजमिनीत, बऱ्याच अंशी उघड्यावरच आहेत, आणि ते दिसतात वाळलेल्या ढेकळांसारखे.